बनुबाईची प्लेट

शुक्रवारी सकाळी सौर योजनेच्या नगरच्या कार्यालयातून ग्रामपंचायतीच्या मोबाईलवर एक पत्र येऊन पडलं. तेव्हापासून सोनारदऱ्याच्या सरपंच ज्ञानेश्वरीबाईंच्या पायाला जी भिंगरी लागली, ती मंगळवारपर्यंत थांबली नाही.

पत्र ग्रामसेवक राधाकृष्ण भाऊसाहेबांनी वाचून दाखवलं. पहिल्यांदा त्यांनी ते साहेबाच्या आवाजात वाचलं, दुसऱ्यांदा माणसाच्या, आणि तिसऱ्यांदा नुसतेच मोबाईलकडे बघत बसले. पाणीपुरवठ्याच्या विहिरीवर योजनेतून बसवलेल्या बत्तीस सोलर प्लेटांचे फोटो तुम्ही पाठवलेत. त्यात प्रत्येक प्लेटवर खाजगी व्यक्तीचं नाव रंगवलेलं दिसतं. या प्लेटा देणगीतून आल्या आहेत काय? त्यांची मालकी पूर्णपणे ग्रामपंचायतीची नसल्यास प्रकल्प योजनेतून वगळण्यात येईल. तपासणी मंगळवारी.

"वगळतील म्हणजे काय करतील, भाऊसाहेब?"

"म्हणजे खोलून घेऊन जातील, ताई."

ज्ञानेश्वरी खुर्चीतून उठली, दारापर्यंत गेली, परत आली, आणि बसायचं विसरून तशीच उभी राहिली. चूक कुणाची होती हे तिला विचारायची गरज नव्हती. चूक तिची होती.

तशी ती एकटीचीही नव्हती म्हणा. सोनारदऱ्याला नावाचा रोगच आहे. तिसगावच्या बाजारात आमच्या गावची थट्टा करतात, की तिथल्या म्हशीच्या पाठीवरसुद्धा देणगीदाराचं नाव असतं. म्हशीचं खोटं, बाकी सगळं खरं. शाळेच्या घड्याळावर नाव, मारुतीच्या घंटेवर नाव, दर्ग्याच्या माठावर नाव. स्मशानातल्या बाकावर तर एका जिवंत माणसाचं नाव आहे आणि तो संध्याकाळी त्याच बाकावर हवा खात बसतो. समाजमंदिरातल्या पंख्याच्या तीन पात्यांवर तीन सख्ख्या भावांची नावं आहेत. पंखा फिरत असला की तिघं एक दिसतात, लाईट गेली की पुन्हा वाटणी. नाव नसेल तर सोनारदऱ्याचा माणूस खिशात हात घालत नाही, आणि नाव लागलं की त्या वस्तूला कुणाला ओरखडा काढू देत नाही. हे गावाचं शहाणपण आहे की वेडेपणा, ते तुम्ही ठरवा.

सौर प्लेटा आल्या तेव्हा त्या सगळ्या सरकारी पैशातूनच आल्या. कमी पडत होतं ते भोवतीचं तारेचं कुंपण. कुंपणासाठी वर्गणी काढायची तर 'कुंपणाला नाव कुठं लिहिनार?' म्हणून लोक अडून बसले. तेव्हा ज्ञानेश्वरीनं तोडगा काढला. वर्गणी कुंपणाला, नाव प्लेटवर. दोन दिवसांत कुंपण उभं राहिलं. गावातला पेंटर मेहताब यानं बत्तीस प्लेटांच्या काचेवर, खालच्या बाजूला, पांढऱ्या ऑइलपेंटनं बत्तीस नावं रंगवली. बहुतेक सगळी मेलेल्या माणसांची. कुणाची आई, कुणाचा बाप, एकाचा तर शर्यती जिंकणारा बैल. फ्लेक्स आल्यापासून मेहताबच्या ब्रशला काम उरलं नव्हतं, पंचायतीनं त्याला पाणी सोडायच्या नोकरीवर घेतलं होतं. पुन्हा ब्रश हातात आला तेव्हा त्यानं जीव ओतला. मजुरीच्या बदल्यात एका प्लेटवर त्यानं स्वतःच्या वडिलांचं नाव घातलं, मरहूम कमरुद्दीन. आणि सगळ्यांत मोठं, वेलबुट्टी काढलेलं, कलश रेखलेलं नाव होतं सरपंचाच्या सासूचं: कै. सौ. बनुबाई गहिनीनाथ यांच्या स्मरणार्थ.

पत्राखाली तपासणी करणाऱ्या इंजिनिअर बाईंचा नंबर होता. ज्ञानेश्वरीनं तो तिथंच लावला. दिशा मॅडम म्हणून कुणी तरुण आवाज होता, पण आवाजात रुबाब नव्हता.

"मॅडम, नावं नुसती हौसेची आहेत हो. प्लेटा सरकारच्याच आहेत. यात एवढं काय बिघडलं?"

"ताई, मलाही वाईट वाटतंय, पण याचं मूळ पार जिनिव्हात आहे," दिशा म्हणाली. "मागं आपल्या सरकारनं सोलर कंपन्यांना अट घातली होती, की प्लेटा देशात बनलेल्याच घ्या. अमेरिकेनं तिथल्या जागतिक व्यापार संघटनेकडं तक्रार केली आणि तिथं आपण हरलो. विकायच्या विजेसाठी अशी अट घालता येत नाही, असं ठरलं."

"मग आमच्या प्लेटा तर इथल्याच आहेत. कंत्राटदारानं शिक्के दाखवले होते."

"तेच सांगतेय. मग आपण वाट काढली. मालकी सरकारचीच, वीजही सरकारच्याच कामाला, विकायची नाही, तर आपण आपल्या मालाची अट घालू शकतो. तुमची योजना त्या वाटेनं आलीय. बाजारात दुकान मांडलं की गिऱ्हाइकाला अमुकच घे म्हणता येत नाही, पण आपल्या घरात काय शिजवायचं ते आपलं आपण ठरवतो ना? तसं. उद्या कुणी फोटो दाखवून म्हणालं, की ह्या प्लेटा बत्तीस खाजगी माणसांच्या आहेत, तर ते घर राहिलं नाही, दुकान झालं. मला तसा शेरा मारावा लागेल."

ज्ञानेश्वरीनं फोन ठेवला. सोनारदऱ्याच्या मातीला मिळालेल्या माणसांचा हिशेब कुठल्या तरी परक्या मुलखात लागतो, हे तिला हसू यावं असं होतं. हसू आलं नाही.

शनिवारी दुपारी तिनं सगळ्या देणगीदारांना विहिरीवर बोलावलं आणि सरळ सांगून टाकलं. नावं पुसावी लागतील. शिवाय प्रत्येकानं भाऊसाहेबांनी लिहिलेल्या, हक्क सोडल्याच्या आपापल्या कागदावर सही करायची.

जो गलका झाला तो विचारू नका. मेलेल्या माणसाचं नाव पुसणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा पोचवणं, असं एकजण म्हणाला. बैलवाला तर रडायच्या बेताला आला. एका म्हातारीनं जिनिव्हाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, गाव कुठल्या तालुक्यात ते माहीत नसताना.

शेवटी मेहताब पुढं झाला. "मी लिवलंय, मीच पैलं पुसतो," तो म्हणाला, आणि थिनरमध्ये फडकं बुडवून त्यानं आपल्या बापाचं नाव काढायला घेतलं. अक्षरं विरघळत गेली, काच काळी निळी चमकायला लागली. मेहताब उठला, सवयीनं मोटरच्या खोक्यावरच्या वेगाच्या आकड्याकडं बघितलं, आणि डोळे बारीक करून पुन्हा बघितलं.

"सरपंचबाई, एक्केचाळीस हुता. बेचाळीस झाला."

"ऊन वाढलं असंल."

"ऊन हाय तेवढंच हाय. दुसरं पुसून बघू?"

दुसरं पुसलं, तिसरं पुसलं, आकडा चढत राहिला. तेव्हा कुठं सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. महिन्याभरापासून, म्हणजे नावं लागल्यापासून, पाणी वरच्या वस्तीच्या टाकीत चढत नव्हतं. कंत्राटदाराला शिव्या देऊन झाल्या, पाईप उकरून बघून झाला, मोटर बदलायचा अर्ज झाला. आणि अडथळा होता तो नावांचा. ऑइलपेंटची सावली पडून प्लेटा मंदावल्या होत्या, आणि औतात एक बैल मंदावला की बाकीच्यांचीही चाल मोडते, तसं रांगच्या रांग मंदावली होती.

मग मात्र मघाशी गळा काढणारी माणसं फडकी मागायला लागली. पाणी म्हटल्यावर मेलेल्यांची माया किती टिकते ते ज्ञानेश्वरीनं त्या दुपारी पाहिलं. थिनर संपलं तर कुणी रॉकेल आणलं. तास-दीड तासात एकतीस प्लेटा कोऱ्या झाल्या. एकतीस कागदांवर सह्या झाल्या. आकडा अठ्ठेचाळीसवर जाऊन थांबला.

वरच्या वस्तीचा आसाराम फोन कानाला लावून उभा होता. तो म्हणाला, "टाकीच्या तोंडापातूर आलंय म्हनं. पाईप गुरगुरतोय, पन पानी न्हाई. थोडक्यासाठी अडलंय." आणि मग सगळ्यांच्या माना एकदमच वळल्या, त्या वेलबुट्टीच्या प्लेटकडं.

"सरपंचबाई," आसाराम अगदी शांतपणे बोलला, "आमच्या वस्तीवर वीस घरं हायती. आमी तुमच्या घराकडं बोट करीत न्हाई. पन आमी बगतोय."

ज्ञानेश्वरीची कानशिलं तापली. तिचे सासरे गहिनीनाथ तिथं आलेच नव्हते.

घरी ते ओट्यावर बसले होते. तिनं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. सत्तरी ओलांडलेला, हाडापेरानं उंच, बोलायला कंजूस माणूस. ऐकून झाल्यावर म्हणाले, "एकतीस झाली न्हवं? मग एकानं काय हुतंय?"

"मामा, वरच्या वस्तीला एकानंच अडलंय."

"मोटर मोठी बसवा म्हनावं सरकारला."

"आणि तपासणी?"

ते उठून गोठ्यात गेले. बैल तर दोन वर्षांपूर्वीच विकले होते. रिकाम्या गोठ्यात ते काय करत होते ते त्यांनाच ठाऊक.

रविवारी तिनं नवऱ्याला मध्ये घातलं. रविराज टेम्पो घेऊन श्रीरामपूरला निघाला होता. तो म्हणाला, "मी आबांना काय बोलणार? तूच सरपंच हायस," आणि गाडी चालू केली. नवरे अशा वेळी कुठं जातात, याचा एकदा कुणीतरी शोध लावला पाहिजे. रविवारभर ती स्कुटीवरून नुसती फिरत राहिली. पंचायतीत गेली, विहिरीवर गेली, वरच्या वस्तीवर जाऊन टाकीत डोकावली. टाकीचा तळ कोरडा होता आणि त्यात एक चप्पल पडली होती. बाया रिकामी भांडी घेऊन समोरून गेल्या, कुणी काही बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. रात्री तिला झोप लागली नाही, आणि पहाटे लागली तेव्हा सासू स्वप्नात येऊन काही बोलतेय आणि ऐकू येत नाही, असं होत राहिलं.

बनुबाईशी तिचं कधी गोडीगुलाबीनं पटलं नव्हतं. पंधरा वर्षांत दोघींची भांडणं झाली ती बहुतेक सगळी पाण्यावरून. केस धुवायला किती बादल्या, भांड्याला किती तांबे. बनुबाईनं त्या विहिरीवरून चाळीस वर्षं पाणी वाहिलं होतं, तिला थेंबाचा हिशेब कळायचा. पण सरपंचपद बाईसाठी राखीव झालं आणि गावातले बाप्ये कुठली तरी मुकी बाहुली उभी करायला निघाले, तेव्हा हीच सासू भर बैठकीत उठून म्हणाली होती, "माझी सून उभी ऱ्हानार. तोंडाची तिखट हाय, पन खोटं बोलत न्हाई." मग दोन वर्षांपूर्वी साधी कावीळ झाली म्हणता म्हणता ती गेली. सून सरपंच झालेली तिनं पाहिली, नळाला आलेलं पाणी पाहिलं नाही. हे ज्ञानेश्वरीला अजून सलत होतं.

सोमवारी भर दुपारी ती थिनरची बाटली आणि फडकं पिशवीत घालून एकटीच विहिरीवर गेली. ठरवूनच गेली होती. विचारायचं नाही, पुसायचं आणि मोकळं व्हायचं. बघते तर कुंपणाच्या आत गहिनीनाथ. बनुबाईच्या प्लेटवरची धूळ ते खांद्यावरच्या टॉवेलनं झटकत होते. मेहताबनं तिला मागंच सांगितलं होतं, की म्हातारा रोज येतो. तिनं ते मनावर घेतलं नव्हतं.

त्यांनी पिशवीकडं पाहिलं. वास आला असणार.

"पूस," ते म्हणाले. "तू सरपंच हायस. मी काय तुझा हात धरनार न्हाई."

"तुम्ही सांगा, मामा. तुम्ही पूस म्हणा, मी पुसते."

"ते मी म्हननार न्हाई."

ती फडकं हातात घेऊन उभी राहिली. ऊन डोक्यावर होतं. हात काही पुढं होईना.

"तुला ठाव हाय का," गहिनीनाथ काचेकडं बघतच बोलायला लागले, एरवी महिन्यात बोलत नसतील तेवढं, "सातबाऱ्यावर तिचं नाव न्हाई. घराच्या उताऱ्यावर न्हाई. आपल्या घरात तिचा एक फोटू न्हाई, आधारकार्डावर हाय तो, त्यात बी डोळं मिटल्यालं. माज्या नावावर समदं करून घेतलं मी. कवा डोक्यातच आलं न्हाई, की हिचं बी कुटं लिवावं. जिती हुती तवर न्हाई आलं. अन् आता एवड्या जगात एका जागी लिवलंय, तर त्या जगालाच ते खुपाय लागलं."

ज्ञानेश्वरीला रडू फुटलं. तिनं ते लपवलंही नाही. बाटलीचं झाकण घट्ट करून ती तशीच स्कुटीवर बसली आणि घरी न जाता तिसगावपर्यंत जाऊन परत आली. काही काम नव्हतं तिथं.

मंगळवारी दहाला पांढरी गाडी आली. दिशा मॅडम, सोबत दोन फिटर. दिशा तिशीच्याही आतली, पायात बूट, डोक्याला स्कार्फ. निम्मं गाव कुंपणाला टेकून उभं होतं. दिशानं एकतीस कोऱ्या प्लेटा बघितल्या आणि बत्तिसाव्यापाशी थांबली.

भाऊसाहेबांना घाम फुटला. "हे... हे एक राहिलंय मॅडम. आत्ता पुसतो, दोन मिनिटांत."

"कुणी हात लावायचा न्हाई," गर्दीतून आवाज आला, आणि गहिनीनाथ आत आले. धोतर धुतलेलं, डोक्याला फेटा. आता हे काय बोलतील आणि गावाचं पाणी जाईल की राहील, सगळं त्या क्षणाला टांगलं गेलं. ज्ञानेश्वरीला पुढं होऊन त्यांना अडवावंसं वाटलं आणि अडवू नये असंही वाटलं.

"बाई, माज्या बायकूचं नाव हाय ते. मला अडानी मानसाला सांगा, परदेशातल्या मानसांचं काय म्हननं हाय?"

दिशानं घाई केली नाही. फोनवर सांगितलेलंच तिनं पुन्हा सांगितलं, दुकानाचं आणि घराचं.

गहिनीनाथांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी त्यांचं म्हननं असं, की ही प्लेट कुना एकाची नसावी. समद्या गावाची असावी."

"एवढंच."

"मग त्यात वाईट काय न्हाई. विहिरीवर बी कुना एकाचा हक्क नसतो." ते भाऊसाहेबांकडं वळले. "वाचा बरं कागद."

भाऊसाहेबांनी घसा साफ केला. "सदर प्लेटवर माझा कोणताही हक्क नाही, व सदर प्लेटशी माझा अथवा माझ्या कुटुंबाचा कोणताही संबंध नाही."

"हक्क न्हाई, त्याला अंगठा देतो. दुसरं खोटं हाय. चाळीस वर्सं तिनं ह्या हिरीचं पानी वाह्यलं. संबंद न्हाई कसा?"

"बाबा, ती कागदाची भाषा असते," भाऊसाहेब काकुळतीला आले. "पक्कं असावं म्हणून मी घातलं."

"तुमी घातलं की त्यांनी मागितलं?"

दिशानं कागद हातात घेतला, वाचला, खिशातलं पेन काढलं आणि मागचं अर्धं वाक्य आडवी रेघ ओढून खोडून टाकलं. बाजूला सही केली. "नियमाला हक्काशी कर्तव्य आहे," ती म्हणाली. "संबंधाचं कुणी विचारलेलं नाही."

मग बैलवाला पुढं घुसला. "मॅडम, माज्या कागदावरचं बी खोडा." त्याच्यामागं दुसरा आला, तिसरा आला. मेहताबही आला. शनिवारी फडकी मागणारी सगळी माणसं आता एका रेघेसाठी रांगेत उभी होती, आणि भाऊसाहेब एकतीस कागद धुंडाळत होते. ज्ञानेश्वरीला हसूही आलं आणि या माणसांबद्दल शनिवारी आपण मनात काय काय म्हणालो, त्याची लाजही वाटली.

गहिनीनाथांनी अंगठा दिला. मग सुनेकडं वळून म्हणाले, "आन ती बाटली. फडकं बी दे. मीच पुसतो. फकस्त कुटं काय लिवलंय ते सांग, मला वळखू येत न्हाई."

ती त्यांच्या शेजारी उकिडवी बसली. त्यांनी उजव्या टोकाला बोट ठेवलं. "हे काय?"

"स्मरणार्थ."

"जाऊ दे. आटवनीला पाटी लागत न्हाई." फडकं फिरलं. "हे?"

"तुमचं नाव, मामा."

ते त्यांनी झर्रदिशी पुसलं. मग कलश गेला, वेलबुट्टी गेली. मग बोट पुढं सरकलं आणि थांबलं. या वेळी त्यांनी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. फडकं अक्षरांवर तसंच राहिलं, थिनर वाळत चाललं. पुन्हा भिजवलं. मग एकेक अक्षर करत, शेवटाकडून सुरुवातीकडं, त्यांनी ते पुसलं.

"एकुनपन्नास," मागून मेहताब म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "पन्नास."

वरच्या वस्तीहून आसारामच्या फोनवर आरडाओरडा आला. फोन त्यानं कानापासून लांब धरला तरी सगळ्यांना ऐकू गेला. टाकीत पाणी पडत होतं. आसाराम काही न बोलता येऊन गहिनीनाथांच्या पाया पडला. ते अवघडले, "अरं ऊठ, ऊठ," म्हणत बाजूला झाले, आणि कडुलिंबाखाली जाऊन सगळ्यांकडं पाठ करून बसले.

तपासणी एवढ्यावर संपली नव्हती. माल खरोखर देशातला आहे की नाही, ते प्लेटच्या पाठीवरच्या चिठ्ठीवरून मोबाईलनं तपासायचं होतं, आणि कंत्राटदारानं प्लेटा अशा बसवल्या होत्या की चिठ्ठ्या लोखंडी पट्टीमागं दबल्या होत्या. म्हणून दोन्ही फिटरांनी एकेक करून सगळ्या प्लेटा खोलल्या, झाडाखाली थप्प्या लावल्या, चिठ्ठ्या तपासल्या आणि पुन्हा बसवल्या. कुठली कुठं होती याचं त्यांना काय? सगळ्या सारख्याच. चार वाजता दिशानं कागदावर 'योग्य' लिहिलं, चहा घेतला आणि गाडी गेली. गर्दी पांगली.

गहिनीनाथ उठून रांगांपाशी आले. एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले. बत्तीस काळ्या काचा, एकीसारखी दुसरी. त्यांनी दोनदा वाकून पाहिलं.

"यातली कंची गं?" ते म्हणाले.

ज्ञानेश्वरी दिवसभर त्या एका प्लेटवर नजर ठेवून होती. खोलताना, थप्पीत, बसवताना. "मामा, ती बघा, ती..."

"थांब." त्यांनी हात वर केला. "नगं सांगूस. ठाव झाली की परत माजी हुईल ती."

तिनं उचललेलं बोट खाली घेतलं. दुसरी रांग, डावीकडून सहावी. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.